तेरा घरांचा कचरा, एक चूल

‘कचऱ्यापासून वीज’ हे शब्द कानाला मोठे गोड लागतात. नकोशी वस्तू घरातून जाणार आणि तिच्या बदल्यात हवीशी वस्तू येणार, याहून चांगला सौदा कोणता? ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हे शब्द कित्येक वर्षे ऐकले आहेत. निवडणुकीच्या पत्रकात ऐकले, महापालिकेच्या अर्थसंकल्पाच्या बातम्यांत वाचले. पण त्या विजेचा दिवा कुठे लागला, असे विचारले की सांगणारा घुटमळतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गात ऊर्जेचा धडा चालू असताना मुलींनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा उत्तराऐवजी फळ्यावर हिशेब मांडला. तोच हिशेब इथे जरा विस्ताराने देते आहे. कागद-पेन्सिल जवळ घ्या. घरात वजनकाटा असेल तर आणखी उत्तम, म्हणजे माझे आकडे तुमच्या घराला लागू पडतात की नाही तेही तपासता येईल.

चार-पाच माणसांचे घर धरू. भाजीची देठे, कांदा-बटाट्याच्या साली, चहाचा चोथा, उरलेला भात, ताटातले खरकटे, फळांच्या साली हे सगळे मिळून रोज साधारण एक किलो ओला कचरा होतो असे समजू. बायोगॅसचे संयंत्र नीट चालत असेल तर या एक किलोपासून सुमारे ८० लिटर गॅस मिळतो. ८० लिटर म्हटले की डोळ्यांपुढे पाण्याचे पिंप येते, पण हा वायू आहे. त्यात निम्म्याहून थोडा अधिक मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, जो जळत नाही. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर बायोगॅसची उष्णता आपल्या सिलिंडरमधल्या साधारण ४५० ग्रॅम गॅसाइतकी भरते. म्हणजे ८० लिटर बरोबर ३६ ग्रॅम.

आता सिलिंडर घ्या. त्यात १४.२ किलो गॅस असतो. तो महिनाभर पुरला असे धरले तर रोजचा खर्च झाला सुमारे ४७० ग्रॅम. ४७० ला ३६ ने भागा. उत्तर येते तेरा.

तेरा घरांचा रोजचा ओला कचरा गोळा केला तर एका घराची चूल चालते. एकट्या घराच्या कचऱ्यावर दोन वेळचा चहा होईल, फार तर त्यात एखादे अंडे उकडेल. वर्गात हे उत्तर आले तेव्हा मुली हिरमुसल्या. मला मात्र तो आकडा आवडतो, कारण तो खोटे बोलत नाही. शिवाय तो पडताळून पाहता येतो. इंदूर शहरात १९ फेब्रुवारी २०२२ रोजी ओल्या कचऱ्यापासून वाहनांचा सीएनजी तयार करणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. रोज ५५० टन ओला कचरा आणि त्यापासून १७ हजार किलो सीएनजी, अशी त्याची क्षमता. भागाकार करा, किलोमागे ३१ ग्रॅम येतात. आपले ३६ आणि त्यांचे ३१ फार लांब नाहीत.

तेव्हा पहिली गोष्ट ही की कचऱ्यात ऊर्जा आहे, पण थोडी आहे. खजिना सापडल्यासारखे जे बोलतात त्यांच्यापासून सावध राहिलेले बरे. दुसरी गोष्ट, ही थोडी ऊर्जा काढण्याचे दोन मार्ग आहेत, कुजवणे आणि जाळणे. या दोन मार्गांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो फरक ठरतो पाण्यावर.

जाळायचे म्हटले तर

भाजीच्या सालीत किती पाणी असते? किलोत पाऊण किलोच्या आसपास. आपण ओल्या लाकडाची चूल पेटवून पाहिली असेल, निदान आजीकडून ऐकले तरी असेल. आधी धूर, मग डोळ्यांत पाणी, मग कुठे आच. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे ६१० किलोकॅलरी उष्णता लागते. पाऊण किलोला लागतील ४५० च्या वर. उरलेल्या पाव किलो कोरड्या भागातून जेमतेम हजार किलोकॅलरी निघतात, त्यातल्या निम्म्या अशा वाफेतच गेल्या. हाती उरल्या साडेपाचशे. सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ऊर्जेसाठी वापरण्याजोगा कचरा कोणता, तर ज्याच्यात किलोमागे १५०० किंवा त्याहून जास्त किलोकॅलरी आहेत तो, असे म्हटले होते. आपल्या साली-खरकट्याचा नंबर तिथे लागत नाही.

हे गणित न करता काय होते ते दिल्लीने पाहिले. तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने कचरा जाळून वीज करणारा कारखाना उभा राहिला. रोज ३०० टन कचरा आणि पावणेचार मेगावॉट वीज, असा बेत होता. यंत्राला किलोमागे साधारण १४६० किलोकॅलरींचा कचरा हवा होता, दिल्लीचा कचरा आला ६००-७०० चा. भट्टी चालू ठेवायला वरून इंधन घालावे लागले आणि अवघ्या तीन आठवड्यांत कारखाना थांबला. यंत्रात खोट नव्हती. ते ज्या देशात तयार झाले तिथल्या कचऱ्यात कागद, पुठ्ठा, लाकूड जास्त; आपल्या कचऱ्यात भाजीपाला, माती आणि पावसाळ्यात वरून पाऊस.

पुढे तंत्र सुधारले. दिल्लीतच ओखल्याला २०१२ पासून असा कारखाना चालतो आहे. पण त्याच्या भिंतीलगत सुखदेव विहार, हाजी कॉलनी अशा वस्त्या आहेत, जामिया मिल्लिया विद्यापीठही जवळच. राख आणि धुराविरुद्ध तिथले रहिवासी वर्षानुवर्षे लढले. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला २५ लाख रुपये भरायला लावले आणि कारखाना चालू ठेवायला परवानगीही दिली. प्लास्टिक, विशेषतः क्लोरीन असलेले, कमी आचेवर जळले की डायॉक्सिन नावाचे अत्यंत विषारी द्रव्य तयार होते. ते टाळायचे तर धुराला किमान ८५० अंश सेल्सियस तापमानात दोन सेकंद ठेवावे लागते आणि नंतर तो गाळून घ्यावा लागतो. नियमात हे सगळे आहे. पण ओला कचरा आला की भट्टी थंड पडते, आणि थंड भट्टीतला धूर नियम वाचत नाही.

आपल्या राज्यात पिंपरी-चिंचवड महापालिकेचा मोशी येथील प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाला. रोज ७०० टन कचरा, १४ मेगावॉट वीज. इथे कचरा आधी निवडून, वाळवून मग भट्टीत जातो, हे महत्त्वाचे. हिशेब केला तर पूर्ण क्षमतेने चालताना किलोमागे जवळजवळ अर्धे युनिट वीज पडते. आपल्या घरातून रोज चारशे ग्रॅम सुका कचरा जात असेल तर त्यावर नऊ वॅटचा एक दिवा वीस-एकवीस तास जळेल. एवढ्यावरून हा प्रकल्प वाईट म्हणता येणार नाही. ज्या चिंध्या, जी मळकी पाकिटे भंगारवालाही घेत नाही, त्यांचे काहीतरी करावे लागतेच.

मात्र भंगारवाला जे घेतो, ते भट्टीत घालण्याला माझा ठाम विरोध आहे. बाटली, डबा, पुठ्ठा, पत्रा पुन्हा वापरात आणला की नवा माल बनवण्याची जी ऊर्जा वाचते, ती जाळून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त असते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत तर नव्या धातूला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९५ टक्के वाचते. आणि या धंद्यावर मुंब्रा-कौसा, कल्याण, भिवंडीत आपल्यातल्या कितीतरी घरांची रोजीरोटी चालते. गल्लीतून हातगाडी ढकलणारा मुलगा, गोदामात प्लास्टिक निवडणाऱ्या बाया, हे लोक कुठल्याही सरकारी मदतीशिवाय शहराची सर्वांत मोठी ऊर्जाबचत करत आहेत. भट्टीला जर कागद आणि प्लास्टिक हवे असेल, तर ते यांच्याच हातातून काढून घेतले जाणार. करार पंचवीस वर्षांचा असतो आणि त्यात रोज अमुक टन कचरा देण्याची हमी असते. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहराने छतावर स्कीइंगची कृत्रिम घसरण असलेला मोठा सुंदर कारखाना उभारला. तो गरजेपेक्षा मोठा निघाला आणि पोट भरायला परदेशातून कचरा आणावा लागला. श्रीमंत शहराला ते परवडते.

कुजवायचे म्हटले तर

कुजवण्यात पाण्याची अडचण नाही, उलट पाणी लागतेच. बंद टाकीत, हवा न लागता, जिवाणू अन्न खातात आणि गॅस सोडतात. गावाकडे गोबरगॅस पाहिलेल्यांना हे नवे नाही.

महाराष्ट्रात या विषयावर दोन माणसांनी मोलाचे काम केले. भाभा अणुसंशोधन केंद्रातले डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ संयंत्र विकसित केले. त्यात कचरा आधी दळून लापशीसारखा करतात, गरम पाणी आणि हवा देऊन पहिल्या टाकीत आंबवतात, मग मोठ्या बंद टाकीत गॅस होतो. शेवटी काळपट खत उरते. दुसरे पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचे डॉ. आनंद कर्वे. त्यांनी प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या एकात एक उपड्या घालून घरगुती संयंत्र बनवले आणि त्यासाठी संस्थेला २००६ मध्ये ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. कर्वे यांचा मुद्दा अगदी साधा होता. शेण म्हणजे गुराने एकदा पचवलेले अन्न, त्यात ऊर्जा ती कितीशी उरणार? भात, पीठ, शिळी भाकरी, पिकलेले फळ थेट जिवाणूंना द्या, गॅस कित्येक पट मिळेल.

हे संयंत्र आपल्या घरी बसवता येईल का, असे विचारणारे असतील. गावी अंगण असेल, परसात ऊन येत असेल, शेजारच्या दोन-चार घरांचे खरकटे मिळत असेल, तर जरूर. खाडीकाठच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, जिथे नळाला पाणी तासभर येते, तिथे नको. सोसायटीच्या पातळीवर मात्र विचार करण्यासारखा आहे. शंभर घरांची सोसायटी असेल तर रोज शंभर किलो ओला कचरा, म्हणजे महिन्याला साडेसात सिलिंडरांचा गॅस. तो शंभर घरांत वाटत बसण्यात अर्थ नाही. जवळच्या एखाद्या मदरशाच्या मतबखला किंवा शादी हॉलच्या स्वयंपाकघराला तो दिला तर कामी येईल.

संयंत्राला काय चालत नाही हेही माहीत हवे. प्लास्टिकची पिशवी तर नाहीच. नारळाची करवंटी, हाडे, अंड्याची टरफले, आंब्याच्या कोयी, खजुराच्या बिया कुजत नाहीत, यंत्राचे दाते मोडतात. लिंबू-संत्र्याची साल थोडी चालते. ढीग टाकला तर तिच्यातले तेल जिवाणूंना मारते. रमजानमध्ये कलिंगडाच्या सालींनी बादल्या भरतात, पण तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. वजन भरपूर, गॅस नाममात्र. ती खतासाठी ठीक.

आता दहा टनांच्या संयंत्राचा हिशेब करून पाहू, कारण महापालिका असेच संयंत्र बांधतात. दहा टन म्हणजे दहा हजार घरांचा ओला कचरा. त्यातून ८०० घनमीटर गॅस, म्हणजे पंचवीस सिलिंडर. वीज केली तर साधारण १२०० युनिट. घरटी रोज पाच युनिट धरली तर दहा हजार घरांच्या कचऱ्यावर २४० घरांत दिवे लागतील. त्यातूनही दळण्याच्या यंत्राला, पंपाला लागणारी वीज वजा करा. विजेच्या नजरेने पाहिले तर हा घाट्याचा धंदा दिसतो.

मग करायचे कशाला? कारण हीच लापशी डम्पिंगवर ढिगात पडली तरी जिवाणू आपले काम थांबवत नाहीत. तिथेही मिथेन तयार होतो, फक्त तो चुलीत न जाता आभाळात जातो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा जवळपास २८ पट अधिक उष्णता धरून ठेवतो. आणि तोच ढिगात साठला की पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचे डम्पिंग दिवसेंदिवस जळत राहिले, तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला, आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. गोवंडी-शिवाजीनगरच्या लेकरांनी जो श्वास घेतला त्याची किंमत कुठल्या युनिटमध्ये मोजणार? ओला कचरा टाकीत कुजवण्याचा खरा फायदा हा आहे. गॅस हा वरचा नफा.

कल्याण आणि ठाणे

आपल्या घराजवळची गोष्ट याहून वेगळी नाही. कल्याणला आधारवाडीच्या डम्पिंगवर वर्षानुवर्षे सगळा कचरा एकत्र पडत होता. खाडीकडून वारा आला की वाडेघर, रेतीबंदर, दूधनाका परिसरात उन्हाळ्यातही खिडक्या बंद कराव्या लागत. आगी लागत, अग्निशमनाच्या गाड्या चार-चार दिवस पाणी मारत. कचऱ्याची विल्हेवाट नीट लावली जात नाही म्हणून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. ती सुमारे वर्षभर टिकली. स्वयंपाकघरातल्या बादलीमुळे शहरातली बांधकामे अडली, असे कुणी सांगितले असते तर आपण हसलो असतो.

महापालिकेने २०२० च्या मे महिन्यात ‘शून्य कचरा’ मोहीम हाती घेतली. तेव्हाचे उपायुक्त रामदास कोकरे यांनी याआधी सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्यात डम्पिंगच्या जागेचे रूप पालटून दाखवले होते. तिथे कचरा वीसहून अधिक प्रकारांत निवडला जाई, ओल्यापासून बायोगॅस आणि पालापाचोळ्यापासून कांडी कोळसा होई. माझे कोकणातले वाचक ही जागा ओळखतील. कल्याणमध्ये त्यांनी सुरुवात कारखान्यापासून केली नाही. रस्त्यावरच्या कुंड्या हटवल्या, ओला कचरा रोज आणि सुका ठरावीक वारीच घेतला जाईल असा नियम लावला. लोक चिडले. तो टाळेबंदीचा काळ, त्यात हा त्रास. पण वर्षभरात, मे २०२१ मध्ये, आधारवाडीला कचरा टाकणे बंद झाले. उंबर्डे आणि डोंबिवलीतल्या आयरे येथील दहा-दहा टनांच्या बायोगॅस संयंत्रांना त्यामुळेच खाता येईल असे काही मिळू लागले.

मोहीम कायम तशीच राहिली असे नाही. शिस्त ढिली पडली, घंटागाडीत पुन्हा मिश्र कचरा दिसू लागला. आणि क्षमता पाहा. कल्याण-डोंबिवलीचा रोजचा कचरा साडेसहाशे टनांच्या घरात. निम्मा ओला धरला तरी दहा टनांची तीसहून अधिक संयंत्रे लागतील. पण दिशा बरोबर होती, असे माझे मत आहे. लहान संयंत्र, आपल्याच प्रभागाजवळ, आपलाच निवडलेला कचरा. ओल्या कचऱ्यात तीन चतुर्थांश पाणी असते, हे आपण वर पाहिले. तो वीस-पंचवीस किलोमीटर लांब नेणे म्हणजे डिझेल जाळून सांडपाणी फिरवणे.

ठाण्याची वाट उलटी होती. ठाण्याचा रोजचा हजार टनांच्या आसपासचा कचरा. तो वर्षानुवर्षे दिव्याला गेला आणि दिवा-मुंब्रा पट्ट्यातल्या लोकांनी त्याचा धूर खाल्ला. या काळात शीळ-डायघरच्या वीजप्रकल्पाचे नाव सतत घेतले जात होते. तिथल्या गावकऱ्यांचा विरोध होता, जागेचे वाद होते. दिव्याचे डम्पिंग २०२३ च्या सुरुवातीला बंद झाले, मधल्या काळासाठी भंडार्ली गावाजवळ तात्पुरती सोय झाली, मग डायघर सुरू झाले. सुरू झाल्यावर दुर्गंधीच्या तक्रारी आल्या, लोकांनी गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की वागळे इस्टेटमधल्या सीपी तलावाच्या केंद्रावर ढीग साचले आणि तिथले रहिवासी रस्त्यावर आले.

डायघरच्या लोकांना ‘विकासाचे विरोधक’ म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्या दारात येणारी गाडी उघडून पाहा. तिच्यात काल रात्रीची डाळ, बाळाचे डायपर, बॅटरीचे सेल, पुठ्ठा आणि मेलेला उंदीर एकाच काळ्या पिशवीत बांधलेला असेल, तर जगातला कुठलाही प्रकल्प तिला वीज बनवू शकणार नाही. तो तिला निवडायला बसेल, निवडेपर्यंत ती कुजेल, आणि नाव वीजप्रकल्पाचे असले तरी वास डम्पिंगचाच येईल. ही पिशवी कौसा, घोडबंदर, नौपाडा इथल्या स्वयंपाकघरांत बांधली जाते. त्यामुळे डायघरच्या गावकऱ्यांचा खरा प्रतिवादी महापालिका एकटी नाही.

दस्तरखानावरची ऊर्जा

कर्वे यांचे म्हणणे आठवा: भात, रोटी, शिरखुर्मा, बिर्याणी यांपासून सर्वांत चांगला गॅस होतो. म्हणजे जे अन्न वाया जायलाच नको होते तेच संयंत्राला सर्वांत प्रिय. वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी हॉलच्या मागे ठेवलेली पातेली पाहून ‘चला, गॅस तरी होईल’ असे म्हणणे मला पटत नाही. त्या किलोभर बिर्याणीमागे शेताचे पाणी, खत, ट्रकचे डिझेल, शिजवण्याचा गॅस आहे, आणि परत मिळणार थोडासाच गॅस. इस्राफ हा शब्द आपण खुतब्यात ऐकतो, तो या हिशेबातही बसतो. पन्नास माणसांचे अन्न उरले तर ते त्याच रात्री पन्नास माणसांच्या पोटात गेले पाहिजे. संयंत्र त्यानंतर, ताटातल्या उष्ट्यासाठी.

रमजानमध्ये इफ्तारनंतर मशिदीच्या दारात साली, कागदी प्लेट, प्लास्टिकचे ग्लास आणि पाण्याच्या बाटल्या एकाच गोणीत भरल्या जातात. तिथे दोन गोण्या ठेवायला तरुणांना सांगितले तर ते करतात, मी हे आमच्या मोहल्ल्यात पाहिले आहे. घरात मात्र वेगवेगळे करण्याचे काम बाईचेच समजले जाते. ती निवडते, आणि खाली नेणारा दोन्ही पिशव्या एकाच डब्यात टाकून मोकळा होतो. याबद्दल भाऊजींनी, भावांनी वाईट वाटून घेऊ नये, पण खरे ते खरे.

बकरी ईदचा प्रश्न जास्त अवघड आणि जास्त महत्त्वाचा. त्या तीन दिवसांत जो कचरा होतो त्यातला एक भाग संयंत्राला फार मानवतो. ओझडीतले अर्धवट पचलेले गवत म्हणजे शेणाचेच कच्चे रूप, आणि गॅस तयार करणारे जिवाणू त्यात आधीपासूनच असतात. रक्त आणि चरबीचे तसे नाही. रक्तात नायट्रोजन जास्त, एकदम फार घातले की टाकीत अमोनिया वाढून जिवाणू दबतात. चरबीने फेस येतो. ही दोन्ही थोड्या प्रमाणात, इतर कचऱ्यात मिसळून चालतात. हाडे, शिंगे अजिबात नाहीत. म्हणजे ओझडीतले गवत वेगळ्या ड्रममध्ये जमा झाले तर संयंत्राला ते देता येईल. आज ते आतडी आणि हाडांसकट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून जाते, म्हणून महापालिकेने वेगळी गाडी दिली तरी तिचा माल थेट पुरावाच लागतो.

यासाठी ईदच्या आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. संयंत्राला नवे खाद्य हळूहळू द्यावे लागते. तेव्हा महिनाभर आधी मशिदीच्या कमिटीतल्या दोघांनी, आणि जमल्यास एखाद्या महिला मंडळाच्या भगिनीने, प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकांना भेटावे. विचारायचे ते नेमके विचारावे. आपल्या भागाचा ओला कचरा कोणत्या संयंत्रात जातो? ते रोज किती टन घेते आणि त्याची क्षमता किती? तिथे ओझडीतले गवत घेतील का, किती ड्रम घेतील, कोणत्या वेळेला? गॅसचे ते काय करतात, की नुसता जाळून टाकतात? आणि संयंत्र पाहायला येऊ का?

शेवटचा प्रश्न जरूर विचारा. शाळेच्या मुलींना घेऊन जायचे असेल तर त्यांना आधी सांगून ठेवा की तिथे वास येईल. नाकाला ओढणी लावूनच उभे राहायचे असेल तर चालेल, पण निवडण्याच्या पट्ट्याजवळ काम करणाऱ्या बायांशी बोलल्याशिवाय परत यायचे नाही. पिशवीची गाठ सोडताना हाताला काय काय लागते, हे त्या कुठल्याही पुस्तकापेक्षा नीट सांगतील.